नाकावरचं वजन

रविवार, १५ एप्रिल २००७, पिस्कॅटवे, न्यू जर्सी

माझ्या हातानं केलेल्या वस्तू. कोल्हापुरात उद्यमनगरात असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, मोडक्या लेथचा नवा टूलपोस्ट, म्हणजे हत्यार धरणारा ठोकळा. लग्नात सासऱ्यांना दिलेला पितळी मुठीचा अडकित्ता. इथं आल्यावर घराच्या मागच्या पायऱ्या. तळघरातली सगळी वायरिंग, इन्स्पेक्टरनं पहिल्याच फेरीत पास केलेली. बायकोला, अहिल्येला, डबे ठेवायला सोळा खणांचं रॅक. कुरडयांचा स्टेनलेसचा सोऱ्या, ज्याची मापं घ्यायला एडिसनहून दोन माणसं येऊन गेली आणि त्यांना मी मापं दिली नाहीत. आणि एक चौदा फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं घर: ओटा, फ्रिज, दोन पलंग, चार खिडक्या. चासीच्या पहिल्या वेल्डपासून पडद्याच्या शेवटच्या कडीपर्यंत माझा. दोन वर्षं आठ महिने.

ही यादी करायचं कारण उल्हास. उल्हास म्हणजे माझा मेहुणा, अहिल्येचा धाकटा भाऊ. जर्सी सिटीत विसाव्या मजल्यावर राहतो, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे, पुण्याचा बी.ई. मेकॅनिकल आहे आणि स्वतःच्या सायकलची हवासुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतो. आज जेवताना म्हणाला, "दाजींना हॉबी पाहिजेच. नाहीतर दिवसभर ताईच्या डोक्यावर बसतील." अहिल्या हसली. माझी मुलगी आसावरीही हसली. मी वाटीतली आमटी संपवली.

हॉबी नव्हे. पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनच्या पुढं, क्लाइन नावाचा माणूस ट्रेलर विकतो. मार्चमध्ये त्यानं माझा ट्रेलर पाहिला. भोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं आणि म्हणाला, असे सहा करून देशील का? अट एक. साध्या फॅमिली व्हॅनला तो ओढता आला पाहिजे. म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं जे वजन व्हॅनच्या जोडावर येतं, ते साडेतीनशे पौंडांच्या आत हवं. त्यापुढं व्हॅनची मागची बाजू बसते. इथले लोक त्या टोकाला जीभ म्हणतात. मी नाक म्हणतो. जीभ आत असते, हे सगळ्यांच्या पुढं असतं.

माझ्या नाकाचं वजन ३४४ पौंड. तीनदा केलं. गॅसच्या दोन्ही टाक्या भरलेल्या, बॅटरी जागेवर.

सहा ट्रेलरची ऑर्डर आली की मी मशीन शॉपमधली नोकरी सोडणार आणि अहिल्या डबे सोडणार. अकरा वर्षं ती युनिव्हर्सिटीतल्या आपल्या पोरांना डबे देते. सोमवार ते शुक्रवार, सोळा डबे, पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी. डॉक्टरनं तिच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्सरे उजेडावर धरून मला दाखवले. तिला नाही, मला. मी तिला शब्द दिलाय: जूनअखेर शेवटचा डबा. तिनं पोरांना तसं सांगूनही टाकलंय.

बुधवार, १८ एप्रिल

क्लाइनला वजनांचा तक्ता इंग्रजीत हवा होता. रविवारी जाताना आसावरी माझी वही घेऊन गेली. ती जर्सी सिटीत बँकेत आहे, जन्म इथलाच. आज चार पानं टाइप करून तिनं ऑफिसातून परस्पर क्लाइनला पाठवली आणि मग मला फोन केला.

"नीट वाचता आलं ना?"

"बाबा, आय वेंट टू मराठी स्कूल फॉर सिक्स इयर्स."

"पाठवण्याआधी एकदा मला दाखवायचंस."

"कसं दाखवू? यू डोन्ट इव्हन हॅव ईमेल."

बरोबर आहे. आणि टायपिंगमध्ये बघायचं काय असतं? काम वजन करण्यात आहे, ते झालेलं आहे. माझं गणित मी माझ्या मराठी आकड्यांत करतो, शॉपमध्येसुद्धा. आधी फोरमन हसायचा, म्हणायचा, हे काय वळवळणारं लिहितोस. त्याच्या ड्रॉइंगमधली दोन थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चूक मी काढून दिली त्या दिवसापासून हसत नाही.

शनिवार, २१ एप्रिल

क्लाइनचा फोन. मला तो 'गुरु' म्हणतो, जसा काही माझा आश्रम आहे.

"गुरु, तक्ता पाहिला. काम सुंदर आहे. पण तुझं नाक जड आहे. पुढून चाळीसेक पौंड काढ, मग बोलू."

मी ओके म्हटलं आणि फोन ठेवला.

३४४ मधून चाळीस गेले की ३०४. अट साडेतीनशेची होती. मार्चमध्ये हात मिळवून सांगितलेली अट एप्रिलमध्ये बदलली. व्यापाऱ्याची जात. आधी कौतुक करायचं, मग दमवायचं, मग किंमत पाडायची. मी असले उद्यमनगरात डझनावारी पाहिलेत, तेही आधी चहा पाजायचे.

अहिल्या पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, चाळीस कशाला ते विचारा की त्याला."

"वजन ज्यानं केलं, त्यानंच विचारायचं?"

"मग कुणी विचारायचं? मी?"

तिला हे कळणार नाही. विचारलं म्हणजे माझा आकडा कच्चा आहे असं मीच म्हटल्यासारखं झालं. तरीही शंका नको म्हणून काटा तपासला. वीस पौंडी पिठाच्या चार पिशव्या ठेवल्या. काट्यानं ऐंशी आणि वर थोडं दाखवलं, थोडं ते पिशव्यांचं. काटा बरोबर आहे. मी बरोबर आहे. त्याला चाळीस हवेत, तर चाळीस काढून त्याच्या तोंडावर मारीन.

पुढच्या बाजूला काय आहे? चासीचा लोखंडी त्रिकोण, त्याला हात लावायचा नाही. बॅटरी, ती हलवली तर सगळी वायरिंग उसवावी लागेल. उरल्या गॅसच्या दोन टाक्या. पोलादी, रिकामी अठरा पौंड, आत वीस पौंड गॅस. दोन्ही मिळून शहात्तर.

बुधवार, २५ एप्रिल

शॉप सुटल्यावर ट्रेलरच्या सामानाच्या दुकानात गेलो. पोनीटेलवाला एक विक्रेता मागं मागं. मी ॲल्युमिनियमची टाकी उचलली आणि खिशातला ताणकाटा काढून तिला लटकावला.

"सर, रिकाम्या टाकीचं वजन कॉलरवर ठोकलेलं असतं."

"ते तू करून बघितलंस?"

"नो, सर."

"मग?"

ठोकलेलं तेरा. काट्यावर सव्वातेरा.

"हा पाव पौंड कुणाचा?"

"मे बी पेंट?"

"ह्या टाकीला पेंट नाही."

तो जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरनं मला सांगितलं, सर, तो हुक खिशात ठेवा, इतर गिऱ्हाइकं आहेत. गिऱ्हाईक एक होतं, एक म्हातारी, आणि ती कौतुकानं बघत होती.

हिशेब असा. ॲल्युमिनियम घेतलं तर टाकीमागं पाच पौंड वाचतात, दोन्हींचे दहा. दुसऱ्या एका नव्या तऱ्हेच्या टाक्या आल्यात, काचेच्या धाग्यांचं कवच आणि बाहेरून प्लॅस्टिकचा पिंजरा. त्या रिकाम्या अकरा पौंडांच्या. दोन्हींचे चौदा वाचतात. चाळीस कशानंच होत नाहीत. शिवाय गॅस आणि प्लॅस्टिक! लोखंडाला गंज चढतो, पण तो आधी दिसतो. प्लॅस्टिक काहीही न सांगता जातं.

शनिवार, २८ एप्रिल

उल्हास डिकीतून ती काचधाग्याची टाकी घेऊन आला. लहान बाळ आणावं तशी दोन्ही हातांत. "दाजी, गिफ्ट." इंटरनेटवर बघून मागवली म्हणे. मी काय शोधतोय हे त्याला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. अहिल्येनं लगेच चहा टाकला, त्यावरून कळलं.

तिनं टाकी उचलून उजेडाकडं धरली. "अगंबाई, आतलं दिसतं की! किती गॅस उरला ते कळेल. कोल्हापुरात फोडणी टाकली की टाकी संपायची, आठवतंय?"

"दिसायला काय, बरणीतलं लोणचंही दिसतं," मी म्हटलं.

"दाजी, ही टेस्टेड असते. आगीत टाकून बघतात."

"तू टाकून बघितलीस?"

"मी कशाला टाकू?"

"मग गप्प बस."

तो हसला. त्याचं हसणं हेच त्याचं शिक्षण. मग टाकी टेबलावर गोल फिरवत म्हणाला, "पण दाजी, वीस पौंडी हवी कशाला? जड काय आहे, टाकी की गॅस? दहा पौंडी छोट्या दोन लावा. रिकामी सात, गॅस दहा. दोन्हींचे चौतीस. शहात्तरातून चौतीस गेले, बेचाळीस वाचले."

हे मला आधीच सुचलं होतं. बोललो नव्हतो, इतकंच.

जाताना दारात बहिणीला म्हणाला, हळू, पण मला ऐकू जाईल इतकंच हळू, "ताई, तो माणूस चाळीस का म्हणतोय ते एकदा विचारायला काय जातं यांचं?"

रविवार, ६ मे

दहा पौंडी दोन टाक्या आणल्या. जुनी पकड त्यांना ढिली होती म्हणून नवी केली: ॲल्युमिनियमचा पट्टा, आत रबर, वरून एकच डावा आटा, म्हणजे धक्क्यानं सैल न होता घट्टच होईल. लेथवर अडीच तास. असली पकड कुठल्या दुकानात मिळत नाही.

वजन केलं. ३०२. क्लाइनला हवे होते त्याहून दोन जास्तच काढले.

अहिल्या हात पुसत बाहेर आली. "एवढ्याशा टाकीत किती दिवस स्वैपाक होणार?"

"एक शेगडी, बारीक आचेवर, साधारण तीस तास. फ्रिज गॅसवर चालवला तर कमी. तू जरा बेतानं वापरलास तर..."

"सोळा डबे मी काय उधळून केले?"

मी पकडीचा आटा आणखी एकदा आवळला. एक गोष्ट मात्र खटकते. ट्रेलरच्या एकूण वजनातले शंभरातले दहा ते पंधरा भाग नाकावर हवेत, नाहीतर रस्त्यावर शेपूट हलतं. माझा ट्रेलर ३१०० पौंडांचा. ३४४ला शेकडा अकरा पडत होते. आता दहाला किंचित कमी. किंचितच. क्लाइनला हे कळत नसेल? तीस वर्षं ट्रेलर विकतो म्हणतो. कळत असेल तर मागतो कशाला? कळत नसेल तर अशा माणसाला मी माझे सहा ट्रेलर देतोय. दोन्ही विचार चांगले नाहीत.

रविवार, १३ मे

सकाळी अहिल्येला घेऊन ७८ नंबरच्या रस्त्यानं पश्चिमेला निघालो, चाचणीसाठी. रिकाम्या ट्रेलरची चाचणी खोटी, म्हणून तिला सांगितलं, निघाल्यासारखं भर. तिनं भरलं. कुकर, परात, डाळी, तांदूळ, पाण्याचे दोन कॅन. ओटा मागच्या टोकाला आहे, सगळं तिकडं गेलं.

क्लिंटनच्या पुढच्या उतारावर, सत्तावन्नच्या वेगाला, डावीकडून मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रेलरचं शेपूट उजवीकडं गेलं. मग डावीकडं, आधीपेक्षा जास्त. मग उजवीकडं, त्याहून जास्त. आरशात माझाच ट्रेलर मला आडवा दिसला. गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. मी नुसत्या ट्रेलरच्या ब्रेकची खुंटी दाबली आणि ॲक्सिलरेटर सोडला. आणखी दोन हेलकावे, आणि सरळ झाला. दुसरा कुणी असता तर व्हॅनसकट दरीत होता.

कडेला थांबलो. अहिल्या उतरली. मागं न बघता रस्त्याच्या कडेनं चालत गेली, पन्नासेक पावलं, त्या गुडघ्यांनी. मग लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिली. मी ट्रेलरचं दार उघडलं. सगळीकडं तूरडाळ.

मी तिच्याजवळ गेलो. म्हणाली, "त्याला विचारा."

"काय?"

"चाळीस कशाला हवेत."

"ब्रेकनं काम चोख केलं, बघितलंस ना? ती खुंटी मी..."

"तुम्ही विचारणार नाही. बरं."

तिनं पर्समधून फोन काढला. मला वाटलं क्लाइनला लावते की काय, इंग्रजीत काय बोलणार. तिनं आसावरीला लावला. "आसा, बाबांचा तो कागद मामाला पाठव. आत्ता. आणि दोघं घरी या."

चाळिसाच्या वेगानं घरी आलो, चारही दिवे लुकलुकत. मागचे सगळे हॉर्न मारत होते.

मंगळवार, १५ मे

संध्याकाळी दोघं आले. उल्हास टाय सैल करून बसला, समोर छापलेली चार पानं.

"दाजी, तुमचं नाक किती?"

"तीनशे चव्वेचाळीस."

"नक्की?"

"तीनदा केलंय."

त्यानं पान फिरवून माझ्यापुढं सरकवलं. तिथं इंग्रजीत छापलं होतं, तीनशे अठ्ठ्याऐंशी.

आसावरीनं परत दिलेली वही मी आणली. उघडली. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, ३४४. आसावरी वाकून बघत होती. तिचा चेहरा लाल होत गेला.

"दॅट्स अ फोर?"

"चार आहे तो. दुसरा कोण असणार?"

"बाबा, वरचं तोंड बंद आहे त्याचं! इट लुक्स एग्झॅक्टली लाइक ॲन एट. आणि थ्री तर सेमच आहे. मला वाटलं तू मध्येच इंग्लिशमध्ये लिहिलंस."

"सहा वर्षं मराठी शाळा!"

"तुझा फोर कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत!"

उल्हासनं पुढची पानं चाळली. सगळीकडं तेच. चार खिडक्यांच्या आठ खिडक्या. चार कपाटांची आठ कपाटं. "चौदा फुटांत आठ खिडक्या," तो म्हणाला, "दाजी, तुम्ही ट्रेलर नाही, काचेचा महाल बांधलाय." आणि हसता हसता त्याला ठसका लागला. अहिल्येनं त्याला पाणी दिलं. तीही हसत होती, पण तिचे डोळे पुसायचे राहिले होते.

तीनशे अठ्ठ्याऐंशीतून साडेतीनशे गेले की अडतीस. चाळीसेक. क्लाइननं अट बदललीच नव्हती.

मी आसावरीला म्हटलं, "तुझ्या एका आकड्यानं परवा तुझी आई मेली असती."

तिनं वही मिटली. मग हळू आवाजात, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, त्यानं फोन केला तेव्हा तू एक प्रश्न विचारला असतास तर कळलं असतं." आणि कोट घेऊन गाडीत जाऊन बसली.

चूक तिची आहे. वाचता येत नसेल तर विचारायचं असतं.

शनिवार, १९ मे

पोलादी टाक्या परत चढवल्या. नवी पकड काढून ठेवली. उल्हासनं मला न विचारता क्लाइनला फोन करून सगळं सांगून टाकलं होतं. हसत हसतच सांगितलं असणार. आज ट्रेलर घेऊन क्लाइनच्या आवारात गेलो, ताशी पन्नासनं, हललासुद्धा नाही. उल्हास 'कंपनी द्यायला' बरोबर.

क्लाइननं नाक आपल्या काट्यावर टेकवलं. ३४४. त्याच्या काट्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या दोन माणसांसमोर. मी कुणाकडं बघितलं नाही. हातरुमालानं जोड पुसत राहिलो.

"गुरु, आय लव्ह इट," तो म्हणाला. "तुझा इंजिनियर कोण?"

"मीच."

"म्हणजे डिग्री कुठली?"

"डिग्री नाही. हात आहेत."

त्यानं टोपी मागं सारली. म्हणाला, हे बघ, मला काही फरक पडत नाही. पण तो पहिला तक्ता माझ्या इन्शुरन्सवाल्याच्या फायलीत आहे आणि दुरुस्त केलेलाही आहे. दोन कागद, दोन वजनं. आता तो म्हणतो, वजनांच्या तक्त्यावर डिग्रीवाल्या इंजिनियरची सही पाहिजे, आणि प्रत्येक ट्रेलरवर त्याच्या नावाची पाटी. नाहीतर सहाही ट्रेलर माझ्या आवारात उभे करायचे नाहीत.

मी काही बोलायच्या आत उल्हास म्हणाला, "मी आहे ना. मेकॅनिकल इंजिनियर."

बावीस वर्षांत यानं पाना हातात धरलेला नाही. येताना वाटेत म्हणाला, "दाजी, एक सही तर आहे. तुमचं काम होतंय ना?" मी रेडिओ लावला.

गुरुवार, २४ मे

क्लाइनचा कागद मंगळवारी पोस्टानं आला. सहा ट्रेलर, दोन वर्षांत. खाली सह्यांच्या दोन रेघा. पहिली 'इंजिनियर', तिच्यावर उल्हासचं नाव आधीच छापलेलं, पुढं डिग्री. दुसरी 'फॅब्रिकेटर', म्हणजे नुसता बांधणारा, तिच्यावर मी. पाटीचा नमुनाही पाठवलाय. त्यावर एकच नाव, आणि ते माझं नाही.

अहिल्या टेबलाशी मटार सोलत होती. कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं हात पुसून वाचला, बोटानं ओळ धरून, दोनदा.

"करा की सही."

"पाटी बघितलीस?"

"बघितली. ट्रेलर कुणी केला ते मला माहीत आहे. आसाला माहीत आहे. उल्हासलाही माहीत आहे, तो नुसता हसतो."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग? ट्रेलर ओरेगॉनला जाईल, फ्लोरिडाला जाईल. तिथं वाचणारा पाटी वाचणार."

"तिथं वाचणारा काय आपल्या घरी जेवायला येणार आहे?"

"विषय तो नाही."

"मग कुठला आहे?" तिनं सोललेले मटार बाजूला सरकवले. "जूनअखेर म्हणाला होतात तुम्ही. मी पोरांना सांगितलंय. मोठा कुकर मी शेजारच्या रुपालीला देऊन टाकलाय."

"कुकर परत मागता येतो."

तिनं मटारची सालं गोळा केली. मग उठायला म्हणून टेबलाची कड धरली, एका झटक्यात उठता आलं नाही, परत बसली, मग उठली. मी हात पुढं केला होता. तिनं घेतला नाही.

खरं सांगायचं तर दोन दिवस मन खालीवर होतंय. आज सकाळी शॉपमध्ये कागद खिशात होता. पेनही होतं. फोरमन म्हणाला, हे बुश, दांड्यावर बसणारं कडं, दोन थाउनं सैल आहे, तूच बघ. मी बघितलं. सैल नव्हतं, त्याचा मापायचा गेज घाणेरडा होता. पुसून परत लावला. तो सॉरी म्हणाला. पेन खिशातच राहिलं.

रविवार, ३ जून

कागद २५ मेलाच परत पाठवला, सहीशिवाय, रजिस्टर पोस्टानं. काल क्लाइनचा फोन आला. आवाज चढलेला.

"गुरु, बरं, पाटीवर दोन नावं टाकू. वर त्याचं, खाली तुझं."

"वर काय लिहिणार?"

"इंजिनियर्ड बाय."

"आणि खाली?"

"बिल्ट बाय."

"नको."

"तुला कुणी सांगितलंय का की तू आडमुठा आहेस?"

"घरात सगळ्यांनी."

त्यानं फोन आपटला. उल्हासलाही कळवलं असणार, कारण तासाभरात त्याचा बहिणीला फोन. ती फक्त "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "नको, तू आता येऊ नकोस." तो का येणार नाही मला माहीत नाही, मी बंदी केलेली नाही. आसावरीनं दोन आठवडे फोन केलेला नाही. तिनं करायला हवा, चूक तिची होती.

आज सकाळी अहिल्या रुपालीकडून कुकर घेऊन आली. मग पोरांना एकेकाला फोन लावले. "हो रे, ऑगस्टपासून पुन्हा चालू. नाही, बंद नाही करत. तुझ्या मित्रालाही सांग, दोन डबे जास्त जमतील." अठरा झाले. गुडघ्यांना पट्टे बांधून मटकी निवडायला बसली. मी म्हटलं, ट्रेलर दुसऱ्या कुणाला दाखवतो, देश मोठा आहे. तिनं मटकीतला खडा काढून बाजूला टाकला.

नाकारलं ते असं: सहा ट्रेलर, दोन वर्षांत. सामान क्लाइनचं, जागा क्लाइनची, हात माझे, पाटीवर पहिलं नाव उल्हासचं. मजुरी, सहांची मिळून, एकोणसत्तर हजार डॉलर.